गाव, घर, माणूस

लोटन नाना क्लोजअपला ‘माणूस’ म्हणत. मिड शॉटला ‘घर’ आणि लाँग शॉटला ‘गाव’. सुरतेतल्या डिंडोलीत त्यांच्या व्हिडिओ स्टुडिओत मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते फोनवर कुणाला तरी झापत होते, “आधी गाव दाखव, मग घर दाखव, मग माणूस. तू सीधा माणसात घुसतो. बघणाऱ्याला समजलं पाहिजे ना, कोणाच्या दारात उभा आहे ते.” मला वाटलं, आपण चुकून जागेच्या दलालाकडे आलो.

आता मी सुरतेतल्याच एका कॉलेजात व्हिडिओ प्रॉडक्शन शिकवते. दरवर्षी नव्या वर्गाला फळ्यावर तेच शब्द लिहून देते: शॉट, पॅन, टिल्ट, झूम, कट, कंटिन्युइटी. मुलं व्याख्या उतरवून घेतात. माझं तोंड पुस्तकातली व्याख्या सांगत असतं आणि डोक्यात नाना बोलत असतात. कधीकधी तोंडही घसरतं. मागच्या वर्षी एका पोरीने परीक्षेत लिहिलं, ‘लाँग शॉट म्हणजे गाव.’ मी तिला पूर्ण गुण दिले.

नानांकडे मी गेले ते टायटल टाकायला. नवऱ्याची बँकेतली बदली सुरतेला झाली, पर्वत पाटियाजवळ घर मिळालं, मुलगी पहिलीत गेली आणि मी दिवसभर खिडकीत बसून खालून जाणारे साड्यांचे टेम्पो मोजायला लागले. त्यात शेजारच्या बाईंनी सांगितलं की डिंडोलीत एक व्हिडिओवाले आहेत, त्यांना मराठी टाइप करणारं कोणीतरी हवंय. त्यांच्या आधीच्या माणसाने एका लग्नाच्या सीडीवर ‘शुभविवाह’च्या जागी भलतंच काही छापून ठेवलं होतं आणि दोन्हीकडचे व्याही एकदम भांडायला आले होते. मी सांगलीची, मराठी घेऊन बी.ए. झालेली. लग्नाच्या व्हिडिओंबद्दल माझं मत अत्यंत वाईट होतं. गुलाबाच्या पाकळ्यांतून नवरा बाहेर येतो, हृदयाच्या आकारात नवरी गोल फिरते, एवढंच मी पाहिलेलं. तीन महिने करू आणि सोडू, असं ठरवून गेले. चार वर्षं राहिले.

नाना उंचीने पाच फूट दोन इंच. ते कुठेही जाताना बरोबर एक लाल प्लॅस्टिकचं स्टूल नेत. हाय अँगल म्हणजे ते स्टूल. लो अँगल म्हणजे नाना जमिनीवर. शर्टाला दोन खिसे शिवून घेतलेले. भरलेली मेमरी कार्डं डाव्या खिशात, रिकामी उजव्या. या नियमात आयुष्यात कधी चूक नाही. पँटच्या खिशात बडीशेप. चष्मा होता, पण कॅमेऱ्याला डोळा लावताना तो कपाळावर जायचा आणि शूटिंग संपेपर्यंत तिथेच बसायचा, त्यामुळे लग्नघरातली पोरं त्यांना चार डोळ्यांचे नाना म्हणायची. पूर्वी ते कापड मार्केटात ताके कापायचे. ताका म्हणजे कापडाचा तो लांबच लांब गठ्ठा, ज्यातून एकेक साडी निघते. पंधरा वर्षं ते काम केल्यावर हातात जे आलं, ते त्यांनी एडिटिंगला वापरलं. मी कुठे कट मारू असं विचारलं की म्हणत, “ताई, ताका बघून कळतं ना एक साडी कुठे सरली. पदर आला की कात्री. पदराच्या मधून कापाल तर दोन्ही साड्या वाया.”

झूमशी त्यांचं वाकडं होतं. दुसरा कोणी व्हिडिओवाला मांडवात झूम करताना दिसला की नाना मला कोपराने ढोसत. “बघा, बसल्या जागी पाहुण्याला ओढतो आहे. पाय दिलेत ना देवाने.” स्वतः ते चालत जात. नवरीच्या मामीच्या डोळ्यांतलं पाणी टिपायचं तर चार पावलं पुढे जाऊन टिपत, आणि मामी त्यांना ओळखत असे, म्हणून लाजून पदर पुढे घेत नसे. यात त्यांची खरी कला होती, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मला वाटायचं, यांना झूमचं बटन नीट सापडत नाही.

पॅनबद्दल त्यांचं म्हणणं असं की कॅमेरा उगीच फिरवायचा नाही. लग्नात आपण मान वळवतो ती कोणाला तरी शोधायला. मग कॅमेऱ्यानेही शोधावं, आणि शेवटी तो माणूस सापडला पाहिजे. “सापडलंच नाही तर बघणारा म्हणेल, बावळट, कशाला फिरवलं मला?” टिल्ट मात्र ते फक्त वडीलधाऱ्यांसाठी राखून ठेवत. आजोबांच्या पायापासून फेट्यापर्यंत सावकाश वर. “नमस्कार करताना आपण असंच बघतो.” आणि पाकळ्या, हृदयं वगैरे? त्याचाही नियम होता. प्रत्येक लग्नाला एक हृदय. मी ते एकही काढून टाकायला निघाले की म्हणत, “ऱ्हावू द्या ताई. तेवढं त्यांच्या हक्काचं. आपल्या पसंतीचं लग्न थोडंच आहे?”

एकदा त्यांचा धंद्यातला जोडीदार आजारी होता म्हणून साखरपुड्याला त्यांनी माझ्या हातात दुसरा कॅमेरा दिला. मी आनंदाने फुगले. नाना एका बाजूला उभे होते, मला मात्र पलीकडून उजेड छान दिसला, म्हणून मी मुलामुलीच्या मागून वळसा घालून समोरच्या बाजूला गेले आणि भरपूर चित्रण करून आले. संगणकावर दोन्ही जोडून बघितलं तर मुलगा उजवीकडे बघतोय आणि मुलगीही उजवीकडेच बघतेय. समोरासमोर बसलेली माणसं एकमेकांच्या मागे रांगेत उभी असावीत तसं दिसत होतं. नाना खुर्चीत मागे रेलून हसले, मग चहा मागवून पुन्हा हसले. “पोरगा चालला पळून, आणि ही चालली त्याच्या मागे. साखरपुडा मोडला ताई तुम्ही.”

मग त्यांनी कपाटातून सुतळी काढली. दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या, एका खुर्चीच्या पाठीपासून दुसरीच्या पाठीपर्यंत सुतळी बांधली. “ही नवऱ्याच्या नाकापासून नवरीच्या नाकापर्यंत. एकदा या अंगाला उभे राहिलात की कार्यक्रम सरेपर्यंत याच अंगाला. सुतळी ओलांडायची नाही. त्या अंगाला भटजी आहेत, त्यांना राहू द्या.” पुस्तकात याला एकशे ऐंशी अंशांचा नियम म्हणतात आणि तो समजावायला दोन पानं आणि तीन आकृत्या लागतात. मी वर्गात सुतळी नेते.

खरी फजिती पुढेच होती. एका लग्नाच्या व्हिडिओत आहेराचा भाग फार रेंगाळत होता. पंचेचाळीस मिनिटं लोक येतायत, टोपी-टॉवेल घेतायत, कुंकू लावतायत. तोवर मला एडिटिंग येतं असा माझा समज झाला होता. मी त्यातले चांगले चेहरे निवडले, गाण्याच्या ठेक्यावर बसवले, सगळं सहा मिनिटांत आणलं. फार सुरेख झालं होतं. व्हिडिओ पोचवला त्याच्या चौथ्या दिवशी नवापूरहून नवरीचे मामा थेट स्टुडिओत हजर. धिप्पाड माणूस. बसा म्हटलं तरी बसेनात. त्यांचा आहेर सगळ्यांच्या आधी झाला होता, आणि मी ठेक्यासाठी तो नवऱ्याच्या चुलत्यांच्या नंतर टाकला होता. “अख्ख्या गावाने टीव्हीवर पाहिलं,” मामा म्हणाले, “की मी तिसऱ्या नंबरला.”

मी लय, गती असं काहीतरी पुटपुटले. नानांनी मला हातानेच गप्प केलं, मामांना बडीशेप दिली आणि म्हणाले, “मामा, चूक मशीनची नाही, माझी आहे. आजच्या आज तुमचा नंबर पहिला.” मामा गेल्यावर मला वाटलं आता ऐकावं लागणार. ते एवढंच म्हणाले, “ताई, एडिटिंगमध्ये वेळ मागेपुढे करता येते. मान नाही करता येत.” त्या दिवशी मी पंचेचाळीस मिनिटांचा आहेर पुन्हा जसाच्या तसा लावला आणि मला तो अजिबात कंटाळवाणा वाटला नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. वाटलाच. पण कोण कोणाच्या नंतर येतंय, कोण कोणाकडे न बघता कुंकू लावतंय, हे मी पहिल्यांदा नीट बघितलं. ती एक गोष्टच होती, मी ती कापून तिचं गाणं केलं होतं.

नाना हे सगळं कोणासाठी काढतात, हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. म्हणजे गिऱ्हाईक मुलीचा बाप, हे दिसत होतं. पण दर लग्नाच्या आदल्या दिवशी नाना एक काम एकटे जाऊन करून यायचे. एकदा त्यांच्या गाडीवर मागे बसून मीही गेले. ते मांडवाकडे बघायलाही गेले नाहीत. स्वयंपाकाच्या जागी जाऊन त्यांनी नवरीच्या आईला बाजूला बोलावलं आणि अहिराणीत विचारलं, “बहिन, तुले काय दखनं शे?” तुला काय बघायचंय?

आपल्याकडे मुलीची आई मुलीचं लग्न लागताना बघत नाही. मंगलाष्टकं सुरू झाली की ती आत तुळशीला पाणी घालत बसते. अक्षता बाहेर पडतात, वाजंत्री आत ऐकू येते, आणि आईला कळतं की झालं. माझ्या आईनेही माझं लग्न पाहिलेलं नाही आणि मला त्याचं कधी काही वाटलंही नव्हतं. नाना त्याच बाईला विचारत होते. कारण सातशे माणसं लग्न डोळ्यांनी बघणार, त्यांना व्हिडिओची काय गरज? जिने पोरीला वाढवलं आणि जी एकटी त्या वेळी आत आहे, नानांच्या मते त्यांचा कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या जागी उभा होता. बायका आधी लाजायच्या, मग सांगायच्या. कोणाला मुलगी हार घालताना हसते का ते बघायचं असे. एकीला फक्त जावयाचे हात बघायचे होते, थरथरतात की नाही. नाना ते तळहातावर पेनने लिहून घेत आणि लग्नात आधी ते एक टिपत, मग बाकीचं.

आता कमलबाईंचं सांगते.

कमलबाई कोसाडच्या वसाहतीत राहायच्या. नवरा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला, त्या घरी साड्यांना खडे लावायच्या. मुलगी रूपाली, एकुलती एक. नानांनी आदल्या दिवशी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा कमलबाईंनी एका क्षणाचाही विचार केला नाही. अंतरपाट सरकतो तेव्हाचं पोरीचं तोंड. “बाकी काही नही दखाडं तरी चाली,” त्या म्हणाल्या, बाकी काही नाही दाखवलं तरी चालेल. नानांनी तळहातावर लिहिलं: तोंड.

त्याच आठवड्यात नानांनी नवा कॅमेरा घेतला होता, आणि जोडीदार गावी गेल्यामुळे त्या लग्नाला ते एकटेच होते. जुना कॅमेरा रेकॉर्डिंग सुरू करताना आणि थांबवताना बारीक आवाज करायचा. नाना वर्षानुवर्षं कानाने काम करत होते, त्यांना ते स्वतःलाही माहीत नव्हतं. नवा कॅमेरा मुका. एकच बटन, दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. सुरू असला की कोपऱ्यात बारीक लाल ठिपका दिसतो, आणि चष्मा कपाळावर. हळदीच्या वेळी कधीतरी बटन एकदा जास्त दाबलं गेलं. तिथून पुढे सगळं उलटं झालं. नाना कॅमेरा डोळ्याला लावून बटन दाबायचे तेव्हा रेकॉर्डिंग बंद व्हायचं. शॉट संपवून बटन दाबून कॅमेरा खाली सोडला की ते सुरू व्हायचं.

दोन दिवसांनी मी स्टुडिओत फायली उघडल्या. पहिल्या फाइलमध्ये बूट. दुसऱ्यात सतरंजी. तिसऱ्यात नानांचाच आवाज, “सरका जरा, सरका,” आणि कुणाची तरी धावणारी पावलं. मी हसत सुटले आणि नानांना हाक मारली. तेही येऊन हसले. मग मी एकेक फाइल पुढे नेत गेले, आणि नाना हसायचे थांबले. नवरदेवाची वरात येते ते नव्हतं, वरात येऊन गेल्यानंतरचा रिकामा रस्ता होता. मंगलाष्टकांच्या आधी नाना स्टुलावर चढताना दिसणारी आभाळाची निळी पट्टी होती. आणि त्याच्या पुढची फाइल सुरू होत होती ती हार घालून झाल्यावर, जमिनीवर सांडलेल्या अक्षतांवरून.

मधलं काहीच नव्हतं. नानांनी डावा तळहात उघडून पाहिला. शाई कधीच धुऊन गेली होती.

त्यांनी दोन दिवसांत अख्ख्या कोसाडचे मोबाईल तपासले. आजकाल लग्नात प्रत्येकाच्या हातात फोन असतो, काहीतरी मिळेलच, असं मीही म्हटलं. पण अंतरपाट सरकतो त्याच वेळी अक्षता टाकायच्या असतात. एका हातात तांदूळ, दुसऱ्या हातात फोन, आणि नेमक्या क्षणी प्रत्येकाने फोन खिशात घालून दोन्ही हातांनी मनापासून तांदूळ उधळले होते. नवऱ्याच्या मित्रांचे फोन चालू होते, पण ते स्वतःचेच चेहरे काढत होते. फोटोग्राफरचा एक फोटो मिळाला. त्यात रूपालीच्या तोंडावर तिच्या मामांचं कोपर होतं.

मी सुचवलं की आधीचा आणि नंतरचा एखादा शॉट जोडू, मध्ये हळूच डिझॉल्व्ह टाकू, एक चेहरा विरत दुसरा येतो तसं. कमलबाईंना काय कळणार? नाना खुर्ची सरकवून उठले. माझ्यावर रागावलेले मी त्यांना त्या एकाच वेळी पाहिलं. “तिला ना? तिला तर सगळ्यात आधी कळेल,” ते म्हणाले, आणि गाडीची किल्ली उचलली. दाराशी जाऊन परत वळले. “तुम्ही पण चला ताई. मला एकट्याला सांगता येणार नाही.”

कमलबाई खाटेवर साडी पसरून खडे चिकटवत होत्या. त्यांच्या सासूबाई, म्हणजे रूपालीची आजी, दारात पाय पसरून बसल्या होत्या. आम्हाला बघून कमलबाई लगबगीने उठल्या, त्यांना वाटलं व्हिडिओ आणला. नाना बसले नाहीत. उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं, बटन, ठिपका, चष्मा, काही लपवलं नाही. कमलबाईंनी हातातला खडा ठरलेल्या जागी नीट चिकटवला, बोटाने दाबला, आणि विचारलं, “मंग मी कशी दखसू?”

मग मी कशी बघणार. आवाज चढवला नाही, दोष दिला नाही, नुसतं विचारलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

 नाना चाचरत म्हणाले की लग्नाच्या पाचव्या दिवशी रूपाली जावयाबरोबर येणार आहे, तेव्हा पुन्हा अंतरपाट धरून तेवढा शॉट घेता येईल. सिनेमावाले करतात. त्याला रिटेक म्हणतात. मग ते नंतर टीव्हीवर बघता येईल.

“रिटेक म्हंजे काय?” दारातून आजीने विचारलं.

“म्हंजे आजी, पहिलं झालं ते खरं. हे दुसऱ्यांदा नुसतं कॅमेऱ्यासाठी.”

“भटजी ऱ्हाई का?”

“नाही.”

“अक्षता?”

“नुसते तांदूळ. हळदकुंकू नाही लावायचं.”

“मंगलाष्टक?”

“मोबाईलवर लावू.”

 आजीने पाय जवळ घेतले. मी तोवर त्या घरात फक्त एक म्हातारी बाई बघत होते, पण एखाद्या न्यायाधीशाला लाजवेल अशा थंडपणे तिने निकाल दिला. “म्हंजे हाई लगीन नही.”

“नाही.”

“मंग मायले दखाले काय हरकत शे?”

मग आईने बघायला काय हरकत आहे.  इतकी वर्षं रिटेक हा शब्द तोंडात असून नानांना जे सुचलं नव्हतं, ते आजीने दारात बसून काढलं होतं. कमलबाई आधी नको नको म्हणाल्या. काही वाईटवंगाळ झालं तर? लोक काय म्हणतील? आजीने एकच सांगितलं, “लगीन व्हयनं. आते हाई खेळ शे. खेळ दखाले कोनी ना म्हनत नही.” लग्न तर झालं, आता हा खेळ, तो बघायला कोण नाही म्हणतंय. कमलबाईंनी साडीची घडी घातली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं ते लपवायला त्या पाणी आणायला आत गेल्या. परतीच्या वाटेवर नाना गाडी चालवता चालवता मोठ्याने गात होते. माझ्या चार वर्षांतलं हे एकमेव गाणं, आणि ते अत्यंत बेसूर होतं.

पाचव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, वसाहतीच्या मैदानात अख्खी चाळ जमली. अंतरपाट म्हणून रूपालीचा शालू काढायचा की धुतलेली चादर, यावर वाद झाला आणि चादर जिंकली. मामा पुन्हा नवरीच्या मागे उभे राहिले. या वेळी नानांनी त्यांची दोन्ही कोपरं स्वतःच्या हातांनी खाली केली. नवरदेव कामावरून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता आणि लग्नात होता त्यापेक्षा जास्त घाबरला होता. पोरं गॅलऱ्यांत लटकली होती. कोणीतरी मोबाईल भांड्यात ठेवला म्हणजे आवाज मोठा येतो, म्हणून मंगलाष्टकं पातेल्यातून सुरू झाली आणि सगळे हसले. रूपालीही हसली.

कमलबाई कॅमेऱ्याच्या शेजारी उभ्या होत्या. लग्नात नेसलेलीच साडी नेसल्या होत्या. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं, कारण एरवी या वेळी त्यांच्या हातात तांब्या असता. नानांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, “ताई, ठिपका तुम्ही बघा. मी नाही बघणार.” मी बघितला. लाल होता. तसं मी त्यांना दोनदा सांगितलं.

पातेल्यातलं शेवटचं कडवं सुरू झालं, लोकांनी तांदळाच्या मुठी वळल्या, आणि चादर सरकायला लागली तशी कमलबाईंचे दोन्ही हात आपोआप तोंडाशी गेले. त्याच वेळी नाना वळले. कॅमेरा डोळ्याला तसाच लावलेला, दोन पावलं बाजूला सरून त्यांनी नवरा-नवरीकडे पाठ केली. तांदूळ उडाले. माझ्या मागे एकच गलका झाला. कोणी टाळ्या वाजवत होतं, कोणी हार कुठे म्हणून ओरडत होतं.

“नाना, नवरी आठे शे,” मामा ओरडले. “नाना, इकडे बघा.”

मीही त्यांची बाही ओढली. लग्न या बाजूला होतं. रूपालीचं तोंड या बाजूला होतं, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते.

“ते तिने बघितलं ना,” नाना डोळा न काढता म्हणाले. “आता पोरीला बघू द्या, माय कशी बघत होती.”

पुढच्याच महिन्यात मला कॉलेजची नोकरी लागली, आणि वर्षभरात नाना स्टुडिओ जोडीदाराच्या हाती देऊन अमळनेरकडच्या गावी शेतावर राहायला गेले. फोन होतो कधीमधी. पण मी त्यांना काम करताना शेवटचं बघितलं ते त्या मैदानात. चष्मा कपाळावर, केसांत तांदूळ, सगळ्या लग्नाकडे पाठ करून उभे असलेले नाना. लोक हाका मारतायत आणि ते डावा हात मागे करून सगळ्यांना थांबा म्हणून खुणावतायत. समोर कमलबाई, तोंडावरचे हात आता खाली आलेले, आणि नाना, पायांनी, एकेक पाऊल टाकत, त्यांच्या जवळ जात होते.